आगंतुक भिक्खू आणि चांगआन नगरी : एन्निनच्या विद्यार्थीदशेचा विचार

चुल्लवग्गातील वत्तक्खंधक शिकविताना वर्गात नेहमीच एक प्रकारचा कंटाळा पसरतो, असा आमचा अनुभव आहे. आगंतुक भिक्खूने आरामात प्रवेश करण्यापूर्वी पादत्राणे काढून झटकावीत, छत्री मिटावी, डोके उघडे करावे. नंतर तेथील आवासिक भिक्खूंस विचारावे की, आपल्या वाट्यास कोणते सेनासन येते, भिक्षेसाठी कोठे जावे व कोठे जाऊ नये, पिण्याचे पाणी कोठे आहे, वापरावयाचे पाणी कोठे आहे, शौचकूप कोठे आहे, येथील संघाने आपसांत कोणते नियम ठरविले आहेत, बाहेर केव्हा पडावे आणि केव्हा परतावे. ज्यांना पटिच्चसमुप्पादाची चर्चा हवी असते त्या विद्यार्थ्यांस हे सारे क्षुल्लक वाटते. परंतु परक्या गावी शिकावयास गेलेल्या कोणाही माणसाचे पहिले आठ दिवस याच प्रश्नांत जातात, हे विनयकारांस पुरते ठाऊक होते.

आपल्याकडे धर्मयात्रिकांचा जो इतिहास लिहिला जातो त्यात या प्रश्नांस जवळजवळ स्थान नसते. ह्युएनत्संग कोणत्या मार्गाने आला, इत्सिंगने किती ग्रंथ नेले, हे आम्ही सांगतो. तो कोठे राहिला, त्याचे सामान कोणी उचलले, त्यास भाषा कोणी समजावून दिली, आजारात कोणी पाहिले, हे सांगत नाही. धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात राहिले तेव्हाच्या हकिकती ‘निवेदना’त आहेत म्हणून त्या आपणांस ठाऊक आहेत. प्राचीन काळासंबंधी असे साधन क्वचितच हाती लागते.

असे एक साधन मात्र आहे. जपानच्या तेंदाई संप्रदायातील एन्निन (इ.स. ७९४ ते ८६४) हा भिक्खू इ.स. ८३८ ते ८४७ अशी नऊ वर्षे चीनमध्ये होता आणि या काळात त्याने चिनी भाषेत रोजनिशी ठेवली. तिची १२९१ साली केलेली एक हस्तलिखित प्रत एकोणिसाव्या शतकात जपानमधील एका विहारात उजेडात आली. आम्हांस चिनी भाषा अवगत नाही. एडविन रायशावर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरावरच आमची भिस्त आहे, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. प्रस्तुत लेखात या रोजनिशीतील तत्त्वचर्चेचा वा प्रवासमार्गाचा विचार करावयाचा नसून, थांग राजवटीची राजधानी चांगआन (आजचे शीआन) येथे एका परदेशी विद्यार्थ्याचा निवास कसा घडला आणि कसा मोडला, एवढेच पाहावयाचे आहे.

एन्निन जपानच्या राजदूतमंडळाबरोबर निघाला. त्याचे वय तेव्हा चव्वेचाळीस होते. म्हणजे आपल्या आजच्या समजुतीप्रमाणे तो विद्यार्थी नव्हे, अध्यापक होण्याच्या वयाचा होता. राजदूतमंडळाबरोबर जाणाऱ्या भिक्खूंचे दोन वर्ग असत. एक दीर्घकाळ राहून अध्ययन करणाऱ्यांचा, दुसरा काही शंकांचे निरसन करून दूतमंडळाबरोबरच परतणाऱ्यांचा. एन्निन दुसऱ्या वर्गातला. त्याचा सहप्रवासी एन्साई पहिल्या वर्गातला. यांगचौ नगरात दोघांनीही थिएनथाई पर्वतावर जाण्याची परवानगी मागितली. एन्साईला ती मिळाली. तुमच्यापाशी तेवढा अवधी नाही या कारणाने एन्निनला नाकारण्यात आली. ज्या पर्वतावरून त्याच्या संप्रदायाने आपले नाव घेतले, तो पर्वत त्याने अखेरपर्यंत पाहिला नाही.

(एन्साईचे पुढे काय झाले, हेही येथेच सांगून टाकतो. तो जवळजवळ चाळीस वर्षे चीनमध्ये राहिला आणि ८७७ साली मायदेशी परतताना जहाज फुटून बुडाला. दीर्घ मुदतीची परवानगी हे सुदैवच होते असे म्हणता येत नाही.)

यांगचौमध्ये खाइयुआन विहारात एन्निन सुमारे सात महिने राहिला. त्यास चिनी ग्रंथ उत्तम वाचता येत, पण चिनी बोलता येत नव्हते. म्हणून भेटीस आलेल्या भिक्खूंशी तो कुंचल्याने लिहून संभाषण करी. आपण जे पाली वाङ्मय आयुष्यभर वाचतो, ते बोलणारा कोणी समोर उभा राहिला तर आपली काय अवस्था होईल, याचा विचार या ठिकाणी आमच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. खर्चासाठी त्याच्याजवळ सोन्याची भुकटी होती. ती बाजारात तोलून मोडली तेव्हा नऊ माळा आणि वर चारशे नाणी आली (एका माळेत एक सहस्र नाणी ओवलेली असत). त्यांतून दोन माळा देऊन पांढऱ्या रेशमाचे दोन तागे घेतले व चीवरे शिवावयास दिली. नववर्षाच्या आदल्या रात्री लोक कागदी नाणी जाळतात, मध्यरात्री विस्तवात बांबू फोडतात, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेस विहारात दिव्यांची आरास होते, हे सारे त्याने टिपून ठेवले आहे. या प्रांताचा अधिपती ली देयू हा होता. त्याने एन्निनची भेट घेतली आणि तुमच्या देशात थंडी पडते काय, विहार आहेत काय, भिक्खुणी आहेत काय, ताओपंथी आहेत काय, असे प्रश्न विचारले. परदेशी विद्यार्थ्यास यजमान विचारतो तेच हे प्रश्न. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

८३९ साली दूतमंडळ परत निघाले. तेव्हा एन्निनने जे केले त्यास कायद्याच्या भाषेत पळून जाणे म्हणावे लागेल. इशो व इग्यो हे दोन शिष्य आणि एक सेवक यांच्यासह तो हायचौजवळच्या किनाऱ्यावर उतरला आणि आपण सिल्ला देशाचे, म्हणजे कोरियाचे, भिक्खू आहोत अशी बतावणी त्यांनी केली. परंतु ज्या गावी ते गेले ते सिल्लाच्याच लोकांचे निघाले! तुमची भाषा सिल्लाचीही नाही आणि चीनचीही नाही, असे गावच्या मुखियाने ओळखले. पहारेकऱ्यांनी त्यांना पुन्हा जहाजावर पोचविले. मुसावादाच्या दृष्टीने या प्रकरणाचे समर्थन करता येणार नाही. पण स्वतः एन्निननेच हा प्रसंग लपविलेला नाही, ही गोष्ट आम्हांस त्याच्या बाजूची वाटते.

दुसरा प्रयत्न शानतुंगच्या टोकाशी चिशान येथे सफल झाला. तेथे सिल्लाचा प्रसिद्ध सागरी व्यापारी चांग पोगो याने स्थापन केलेला विहार होता. दूतमंडळाचे जहाज निघून गेले आणि हे चौघे मागे राहिले. त्या विहाराने त्यांना संपूर्ण हिवाळा सांभाळले. स्थानिक अधिकाऱ्याकडून खरमरीत पत्र आले की, परदेशी भिक्खू आपल्याकडे राहिल्याची वर्दी वेळीच का दिली नाही. तरीही त्यांना कोणी बाहेर काढले नाही.

चिशानचे हे पृष्ठ आम्हांस साऱ्या रोजनिशीत अतिशय महत्त्वाचे वाटते. त्या विहारातील लोक स्वतःच परदेशस्थ होते. हिवाळ्यात तेथे सद्धर्मपुंडरीकावर प्रवचने झाली. बहुतेक विधी सिल्लाच्या पद्धतीने व सिल्लाच्या भाषेत चालत आणि अखेरीस श्रोत्यांची संख्या सुमारे अडीचशेपर्यंत गेली होती. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस तेथे सण साजरा झाला. शेवया व पिठाचे पदार्थ करून तीन दिवस गाणेबजावणे चालले; आपल्या मायदेशाच्या आठवणीने हे लोक हा सण पाळतात, अशी नोंद एन्निनने केली आहे. दुसऱ्यांच्या घरच्या आठवणीत बसलेला हा तिसऱ्याच देशीचा पाहुणा! परदेशात स्थिर होऊ पाहणाऱ्यास पहिला आधार त्या देशाच्या माणसांपेक्षा त्याच्याआधी तेथे आलेल्या दुसऱ्या परदेशस्थांकडून मिळतो, ही गोष्ट येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. सिल्लाच्या याच मंडळींनी अर्ज कसा लिहावा, कोणाच्या कचेरीत द्यावा, हे पाहून दिले. थिएनथाई नाही तर वुताई पर्वतावर जा, हा सल्लाही त्यांचाच.

८४० च्या वसंतात हे चौघे निघाले. वाटेत टोळधाडीमुळे दुष्काळ पडलेला होता. देंगचौच्या बाजारात ज्वारी-बाजरीच्या जातीच्या धान्याचा एका मापास तीस नाणी, तांदळाचा सत्तर नाणी, असे भाव त्याने लिहून ठेवले आहेत. पुढील गावी ते आणखी चढलेले आढळतात. भिक्षेवर जगणाऱ्याने भाव का लिहावेत, असा प्रश्न पडेल. भिक्षा घालणाऱ्याच्या घरी काय आहे, हे ज्यास समजून घ्यावयाचे असते तो भाव लिहितो. वुताईचा मुक्काम आम्ही येथे सोडून देतो. त्याच वर्षाच्या आठव्या महिन्यात ते चांगआनला पोचले.

चांगआन हे त्या काळच्या जगातील बहुधा सर्वांत मोठे नगर होते. सरळ रस्त्यांनी पाडलेले शंभराहून अधिक वाडे, प्रत्येक वाड्यास भिंत व वेस, संध्याकाळी नगारा वाजला की वेशी बंद. अशा नगरात आगंतुक भिक्खूने सेनासन कोणाकडे मागावे? विनयाप्रमाणे आवासिक संघाकडे. चांगआनमध्ये मात्र विहारांवर देखरेख करणारा एक राजकीय अधिकारी होता. छिउ शीलिआंग हे त्याचे नाव. तो अंतःपुरातील षंढवर्गाचा पुढारी व राजवाड्याच्या सैन्याचा सेनापती. एन्निनने आपला अर्ज त्याच्या कचेरीत दिला आणि त्याच्या हुकमाने त्यास छुंगरेन वाड्यातील त्झुशेंग विहारात जागा मिळाली. म्हणजे अन्न संघाचे, छत संघाचे, पण परवानगी सेनापतीची. ही व्यवस्था त्या वेळी एन्निनला सोयीचीच वाटली. छिउ शीलिआंग बौद्ध विहारांस अनुकूल होता आणि काम लवकर झाले.

येथून पुढील सुमारे दोन वर्षे ही त्याच्या विद्यार्थीदशेतील सुखाची वर्षे होत. ताशिंगशान विहारात युआनचेंग या आचार्यापाशी त्याने वज्रधातूचे अध्ययन केले. चिंगलुंग विहारात ईचेनपाशी व श्युआनफा विहारात फाछ्युआनपाशी गर्भधातूचे. वांग हुई नावाच्या चित्रकाराकडून मंडले रंगवून घेतली, त्यांच्या मोबदल्याची घासाघीस केली. ग्रंथ मिळवावयाचे, उतरवून घ्यावयाचे, पुन्हा ताडून पाहावयाचे. राहणे एका वाड्यात, गुरू तीन निरनिराळ्या वाड्यांत, आणि नगारा वाजण्यापूर्वी परतणे आवश्यक. यावरून त्याच्या दिवसाची कल्पना करता येते.

याच चिंगलुंग विहारात आपल्या देशाचा एक माणूस त्यास भेटला. रोजनिशीत त्याचे नाव पाओयुए असे, ‘रत्न’ आणि ‘चंद्र’ या अर्थांच्या दोन चिनी अक्षरांत येते. तो दक्षिण भारतातील त्रिपिटकाचार्य होता. ८४२ साली एन्निनने त्याच्यापाशी सिद्धम् लिपी व वर्णोच्चार पुन्हा एकवार शिकून घेतले. यापूर्वी यांगचौमध्ये एका चिनी भिक्खूकडून तो ते शिकला होता. परंतु प्रत्यक्ष भारतीयाच्या मुखातून शुद्ध उच्चार ऐकावेत, ही त्याची ओढ होती. जपानी विद्यार्थी, भारतीय गुरू, चिनी नगर! आपल्याकडील बौद्ध धर्माच्या इतिहासात नवव्या शतकातील दक्षिण भारतीय भिक्खूंविषयी फार थोडी माहिती मिळते. त्यांपैकी एक माणूस चांगआनच्या एका खोलीत बसून ‘क’, ‘ख’, ‘ग’ म्हणून दाखवीत होता, हे आपणांस एका जपानी विद्यार्थ्यामुळे समजते.

पण पाओयुएसंबंधीची अधिक बोलकी नोंद याच्या आदल्या वर्षाची, ८४१ सालची आहे. सम्राट वुत्सुंगच्या जन्मदिवशी राजवाड्यात धर्मचर्चेचा समारंभ होता. पाओयुएने तेथे वस्त्रात लपवून आणलेला अर्ज काढला आणि आपणांस मायदेशी जाऊ द्यावे, अशी विनंती थेट सम्राटाजवळ केली. वरिष्ठांस डावलून अर्ज केल्याच्या अपराधाबद्दल शिक्षा झाली. त्याच्या तीन शिष्यांस प्रत्येकी सात फटके, दुभाष्या भिक्खूस दहा फटके. आचार्यास मारले नाही आणि घरीही जाऊ दिले नाही. मार त्या दुभाष्यास सर्वांत अधिक बसावा, यात त्या कचेरीचे सारे तर्कशास्त्र आले.

एन्निनने यातून धडा घेतला. त्याने आपले अर्ज नियमाप्रमाणे छिउ शीलिआंगच्या कचेरीमार्फतच केले. ८४१ पासून पुढे परतीच्या परवानगीसाठी आपण शंभराहून अधिक अर्ज केले, असे तो म्हणतो. राहण्यास परवानगी मिळविण्यासाठी ज्याने वेषांतर केले, त्यास आता निघण्याची परवानगी मिळत नव्हती.

वातावरण पालटत होते. वुत्सुंग ताओपंथाकडे झुकलेला होता. राज्याचा खजिना रिता होता आणि विहारांच्या जमिनी करमुक्त होत्या. ८४२ पासून भिक्खूंवर निर्बंध येऊ लागले. याच वेळी राज्याचा मुख्य मंत्री कोण होता? यांगचौत एन्निनला थंडीविषयी विचारणारा तोच ली देयू. ८४३ च्या पहिल्या महिन्यात छिउ शीलिआंगने नगरातील सर्व परदेशी भिक्खूंस आपल्या कचेरीत बोलाविले. एन्निनने यादी दिली आहे : चिंगलुंग विहारातील पाओयुए व त्याची मंडळी मिळून पाच, ताशिंगशान विहारातील उत्तर भारतीय त्रिपिटकाचार्य नंद, त्सएन विहारातील एक सिंहली भिक्खू, त्झुशेंग विहारातील तीन जपानी, निरनिराळ्या विहारांतील सिल्लाचे भिक्खू, शिवाय कूचा देशाचे काही, एकूण एकवीस. त्यांना चहा देण्यात आला. नंतर सेनापती स्वतः त्यांना भेटला व त्याने त्यांना धीर दिला. एका लक्षात न येण्याजोग्या वाक्यात ही नोंद संपते. परंतु दक्षिण भारत, उत्तर भारत, सिंहल, मध्य आशिया, कोरिया आणि जपान येथील भिक्खू एका सेनापतीच्या दालनात चहाचे पेले हातात धरून बसले आहेत, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. चातुद्दिस संघ म्हणून विनयात ज्याचा उल्लेख येतो, तो येथे खरोखरीच चारी दिशांनी एकत्र आला होता. पण संघाच्या बोलावण्यावरून नव्हे. त्याच वर्षी छिउ शीलिआंग वारला आणि तो आधारही गेला.

इग्यो आजारी पडला होता. ८४२ च्या शेवटच्या महिन्यात त्याने अंथरूण धरले आणि ८४३ च्या सातव्या महिन्यात तो मरण पावला. वय बत्तीस. महावग्गात अतिसाराने पडलेल्या भिक्खूची जी कथा आहे, ती वाचकांस परिचित आहे. जो रुग्णाची सेवा करील तो माझीच सेवा करील, असा तेथे भगवंतांच्या उपदेशाचा आशय आहे. येथे उपाध्यायाने शिष्याची सेवा केली, परक्या नगरात, सात-आठ महिने. मृत्यूनंतर एन्निनने त्झुशेंग विहाराच्या व्यवस्थापक भिक्खूंस एक अर्ज लिहिला : आमच्याजवळ जागा विकत घेण्यास पैसे नाहीत, कृपा करून दफनासाठी एक तुकडा जमीन द्यावी. ती देण्यात आली.

एन्निनने चीनमध्ये लिहिलेले बहुतेक अर्ज राज्यास उद्देशून आहेत. त्यांची उत्तरे महिनोन् महिने येत नाहीत वा नकारार्थी येतात. संघास लिहिलेला हा अर्ज मात्र लगोलग मान्य झाला. त्या विहारावर स्वतःवरच संकट होते. तेथील भिक्खूंस बाहेर पडण्याची बंदी होत होती, त्यांच्या मालमत्तेच्या याद्या होत होत्या. तरीही आगंतुकाविषयीचे जे कर्तव्य त्यांच्या हाती उरले होते ते त्यांनी केले. आगंतुकवत्त लिहिणाऱ्यांनी शौचकूपापर्यंत सारे प्रश्न लिहिले. मृत आगंतुकास जमीन कोणी द्यावी, हा प्रश्न त्या यादीत नाही. चांगआनच्या भिक्खूंस तो यादीत असण्याची गरज भासली नाही.

८४५ साली अखेरचा आघात झाला. प्रथम चाळिशीच्या आतील, नंतर पन्नाशीच्या आतील भिक्खू-भिक्खुणींस गृहस्थ करण्यात आले. त्यानंतर राज्याच्या विधिविभागाचा दाखला नसलेल्यांची पाळी आली, आणि तीत परदेशीही धरण्यात आले. एन्निनजवळ असा दाखला नव्हता. पाओयुए व त्याचे शिष्य, तसेच नंद, हेही त्याच यादीत आले. सरकारी आकड्यांप्रमाणे त्या वर्षी एकंदर २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणी गृहस्थ झाल्या आणि ४,६०० विहार मोडले. एन्निनच्या शंभर अर्जांस जे साधले नाही ते या हुकमाने साधले. गृहस्थ झालेल्या परदेशीयाने आपल्या देशी चालते व्हावे, असाच त्याचा अर्थ होता. गृहस्थ होण्याचे आपणांस दुःख नाही, उतरवून घेतलेले ग्रंथ बरोबर नेता येतील की नाही याचीच चिंता आहे, असे त्याने लिहिले आहे. ग्रंथ, मंडले व कपडे चार पेटाऱ्यांत भरले, तीन गाढवे विकत घेतली, मुंडन केलेले डोके टोपीने झाकले आणि पाचव्या महिन्यात तो नगराबाहेर पडला. काही परिचित अधिकारी व उपासक निरोप देण्यास आले. अशा दिवसांत भिक्खूबरोबर रस्त्याने उघडपणे चालणे हे धाडसाचे होते. त्यानंतरही जहाज मिळावयास दोन वर्षे गेली. आणि अखेरीस मिळाले तेही सिल्लाच्याच लोकांचे, चिशानच्याच किनाऱ्यावरून. इशो त्याच्याबरोबर होता.

८५४ साली एन्निन हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी विहाराचा प्रमुख झाला. त्याच्या पेटाऱ्यांतून जे जपानला गेले त्यात पाओयुएपाशी घेतलेल्या उच्चारपाठांच्या टिपणीही होत्या. प्रत्येक संस्कृत वर्ण जपानी भाषेतील कोणत्या ध्वनीसारखा म्हणावा, हे त्यांत सांगितले आहे. ‘प’ या वर्णासाठी जवळचे एक जपानी अक्षर देऊन, तो म्हणताना ओठांचा उपयोग अधिक करावा, अशी सूचना केली आहे. नवव्या शतकात जपानी भाषेतील ‘ह’ वर्गाचा उच्चार कसा होत असे, याविषयी जपानी भाषाशास्त्रज्ञ आजही या एका सूचनेचा पुरावा देतात. पाओयुएला घरी जाऊ दिले नाही. त्याच्या ओठांची हालचाल मात्र समुद्रापलीकडे जाऊन लेखी राहिली.